शालूबाईची जबानी

शालूबाईनं दावं सोडलं नाही. ते सोडायचा अधिकार तिला नव्हता. हौसाच्या घोट्याभोवतीचा वेढा तिनं दोन बोटं घालून सैल केला, जुन्या लुगड्याची चिंधी त्याखाली सारली आणि गाठ होती तशी राहू दिली. कातडं सोलवटून लाल झालं होतं. हौसानं पाय मागं घेतला नाही, की ती कण्हलीही नाही. गोठ्यातल्या मेढीला पाठ लावून ती म्हशीच्या हलत्या शेपटीकडं बघत राहिली.

"भाकरी आनलीया," शालूबाई म्हणाली. "खायाची तर खा. न्हाई तर मी बसते हितंच."

तिनं भाकरीचा एक तुकडा मोडून आधी स्वतःच्या तोंडात घातला. उरलेली भाकरी दोघींच्या मधे ठेवली. बऱ्याच वेळानं हौसाचा हात आला.

हौसा ही अर्जुनाची बायको, वय असेल वीस. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला. बाविसाव्या दिवसापासून तिची झोप उडाली ती उडालीच. मग ती म्हणायला लागली, हे पोर माझं नव्हं, माझं कुणीतरी बदललं. एके दुपारी पोराला छातीशी धरून ती विहिरीच्या काठापर्यंत गेली. अर्जुना मोटेवर होता म्हणून दोघं हाती लागली. त्यानंतर देवऋषी झाला, मिरच्यांची धुरी झाली आणि शेवटी गोठा झाला. जेवण भरवायला गेलेल्या सासूच्या हाताला ती चावली, तेव्हा सासू केरबाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"शालूबाई, तुमास्नी ठावं असंल, असल्यास्नी कसं खायाला घालायचं."

केरबा हा शालूबाईचा धाकटा भाऊ. त्याच्या घरी येऊन तिला पाच वर्षं झाली होती. त्याआधी सात वर्षं ती पुण्याच्या बाजूला वेड्यांच्या इस्पितळात होती. दुसरं मूलही पोटातच गेलं, तेव्हा तिनं बोलणं टाकलं होतं. नवऱ्यानं तिला तिकडं पोचवलं आणि वर्षाच्या आत दुसरी केली. आता भावाकडं ती शेणघाण करी, दळण दळी, पाणी भरी. चुलीपुढं मात्र तिला कुणी बसू देत नसे, आणि ती सोप्यात आली की वहिनी विळा उचलून आत नेई. का, ते कुणी बोलत नसे. तीही विचारत नसे. पाच वर्षांत कुणी तिच्याकडं काही मागायला आलं, ते हे पहिलंच.

रोज दुपारी ती हौसाजवळ जाऊन बसू लागली. पोर तुझंच आहे, असं तिनं एकदाही सांगितलं नाही. तिला माहीत होतं, ते सांगणारे सगळे शहाणे असतात आणि त्यांचा आवाज फार लांबून येतो.

आठव्या दिवशी हौसा आपण होऊन बोलली.

"मावशी, तितं मारत्यात का?"

हे शालूबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"समदीच मारत न्हाईत," ती म्हणाली. "पर तितं आपली वाट बगनारं कुनी नसतं. आन् आपुन रोज कुनाची तरी वाट बगतो."

"मला धाडनार हायती. दोन डाक्टरांचं दाखलं झालं. मला कुनी इचारलंबी न्हाई."

"तुला काय पायजे?"

हौसानं ओठ हलवले, परत मिटले. म्हशीनं मान झटकली.

"नीज," ती म्हणाली. "मला नीज पायजे."

शालूबाईनं सासूला सांगून म्हैस बाहेर बांधायला लावली, दार लोटून घेतलं आणि हौसाचं डोकं मांडीवर घेतलं. दिवस कलेपर्यंत ती हलली नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय असून नसल्यासारखा झाला. हौसा जागी झाली ती ओलसर डोळ्यांनी आढ्याकडं बघत म्हणाली, "त्यो लय रडतोय का वो माज्याबिगर?"

त्याच संध्याकाळी अर्जुनाच्या सोप्यात प्रांतसाहेबांचा कागद वाचला गेला. येत्या सोमवारी साहेबांचा मुक्काम कऱ्हाडला होता. बाईला घेऊन कचेरीत हजर व्हायचं होतं. हुकूम मिळाला की तिथूनच पुढं पुण्याला.

"मी जानार हाय कऱ्हाडला," शालूबाई भावाला म्हणाली.

केरबा चऱ्हाट वळत होता. त्याचे हात थांबले.

"नगं, आक्का. तू सायेबाफुडं हुबी ऱ्हाशील, आन् सायेब म्हनंल, हिलाबी धाडा. मग म्या काय करू?"

ही भीती तिला त्याच्या आधीच भेटली होती. सोमवारी ती कोंबडं आरवायला उठली, धुवट लुगडं नेसली, आणि घरातलं कुणी जागं व्हायच्या आत नदीवर गेली. पहिल्या नावेनं पलीकडं उतरून तीन कोस चालत निघाली.

कचेरीच्या व्हरांड्यात हौसा जमिनीवर बसली होती. तिच्या कमरेच्या दाव्याचं टोक दिराच्या हातात होतं. आत अर्जुना डोक्याचं पागोटं काखेत धरून उभा होता. प्रांतसाहेब वाईकडचे, तरुण, चष्मा लावलेले. दाखले वाचता वाचता त्यांनी दौतीचं झाकण उघडलं होतं.

पट्टेवाल्यानं शालूबाईला दारात अडवलं. ती त्याच्या हाताखालून आत आली.

"सायेब, सही करायच्या आदी माजं दोन सबूद ऐका."

"तुम्ही कोण? मुलीच्या नात्यातल्या?"

"न्हाई."

"मग?"

उंबऱ्याशी उभ्या असलेल्या माणसांमध्ये तिच्या गावचीही चार होती.

"मी सात वर्सं तितं हुते, सायेब. हिला धाडतायसा तितंच."

शिरस्तेदार खाली मान घालून हसला. कुणीतरी मागं कुजबुजलं. प्रांतसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुम्ही बऱ्या होऊनच आलात ना तिथून?"

"व्हय, बरी झाले."

"मग ही मुलगीही होईल. तुमची हरकत काय?"

"मी दुसऱ्याच वर्साला बरी झाले, सायेब," शालूबाई म्हणाली. "तितल्या डाक्टरांनीच घरी कळीवलं. फुडली पाच वर्सं मला न्ह्यायला कुनी आलं न्हाई."

कुजबुज थांबली. काही तरी जाणवून तिनं मागं पाहिलं. दाराशी केरबा उभा होता. धावत आल्यासारखा त्याचा श्वास लागला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते. तिला वाचवायला तो आला होता. तो तिच्याकडं बघत नव्हता.

ती परत साहेबांकडं वळली. आता थांबून उपयोग नव्हता.

"ही येडी न्हाई असं मी म्हनत न्हाई. हिचं डोकं फिरलंया, आन् ते कसं फिरतं ते मला ठावं हाय. पर तिची जागा एकदा भरली, का ती बरी हूनबी कुठं यायाची? दाखलं डाक्टरांचं झालं, अर्ज दादल्याचा झाला. तिला एकदा इचारा की, सायेब. एवडंच."

साहेबांनी हौसाला आत आणायला सांगितलं. ती दाव्यासकट आली. तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं नाही. गाव विचारलं, सांगितलं नाही. शिरस्तेदारानं कागद पुढं सरकवला. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. शालूबाईनं डोळे मिटून घेतले.

"तान्ह्याला दूद कोन पाजतंया?" हौसा म्हणाली.

प्रश्न साहेबांना नव्हता. ती अर्जुनाकडं बघत होती. पागोट्याचा सोगा त्यानं तोंडाला लावला.

साहेबांनी टाक खाली ठेवला.

हुकूम झाला तो असा: दोन महिने मुलगी घरीच राहील. तिला बांधायचं नाही. ही बाई रोज तिच्याजवळ बसेल. दोन महिन्यांनी दोघींनी इथं हजर व्हायचं.

परतताना नावेत बहीणभाऊ दोघंच होते. नाव मधल्या धारेला आल्यावर केरबा बोलला.

"डाक्टरांची पत्रं आली तवा धाकल्या भनीचं लगीन जुळत हुतं. लोकं म्हनली, ती येडी घरात आली तर मोडंल."

"झालं न्हवं लगीन?"

"व्हय."

"मग बरं झालं," शालूबाई म्हणाली, आणि तिनं हात पाण्यात सोडला.

पत्रांची गोष्ट कचेरीतून गावात आली. केरबाची बायको त्या दिवसापासून नणंदेशी बोलेनाशी झाली. जेवणाचं ताट ती उंबऱ्याशी ठेवून जाई.

दोन महिने सोपे गेले नाहीत. पहिल्याच आठवड्यात हौसानं जेवणाची पितळी भिरकावली, ती शालूबाईच्या कपाळाला लागली. "बगा आता तुमचं शानपन," सासू म्हणाली. शालूबाईनं हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या आठवड्यात हौसा सलग झोपू लागली. मग एके दिवशी सासूनं जीव मुठीत धरून पोर आणलं. हौसानं ते घेतलं, तिच्या हातांखाली शालूबाईचे हात होते. हळूहळू शालूबाईनं आपले हात काढून घेतले. पोरानं आईच्या गळ्यातली पोत पकडून ओढली, आणि हौसाच्या तोंडून हुंदका आणि हसू यांच्या मधलं काहीतरी निघालं.

ठरल्या तारखेला अर्जुनाची गाडी पुलाच्या लांबच्या वाटेनं कऱ्हाडला गेली. जाताना शालूबाईला हौसाशेजारी बसवलं होतं. साहेबांनी कडेवर पोर घेतलेल्या हौसाकडं पाहिलं आणि अर्ज निकालात काढला. परत निघताना सासूनं गाडीत बाजारहाटाच्या पाट्या पसरून ठेवल्या. जागा उरली नव्हती. शालूबाई चालत आली.

आठ दिवसांनी हौसा तिला पाणवठ्यावर एकटी भेटली. घागर भरून झाली तरी ती उचलेना.

"मावशी," खाली बघत ती म्हणाली, "आता घराकडं येत जाऊ नगा."

"सासू म्हनली?"

"न्हाई." हौसानं घागरीच्या काठावर हात ठेवला. "मीच म्हनते. तुमी आलासा की मानसांस्नी आटवतं. मलाबी आटवतं. तुमी नसतासा तर मी कुटं असते, ते मला ठावं हाय. तरीबी म्हनते."

शालूबाईनं वाकून घागरीला हात लावला आणि ती हौसाच्या कमरेवर चढवून दिली.

"बराबर हाय तुजं," ती म्हणाली. "जा. त्यो उटला असंल."

हौसा चढण चढून दिसेनाशी झाली तरी ती ओल्या दगडावर उभी होती. मग तिला आठवलं, आपली घागर अजून रिकामीच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात कऱ्हाडच्या बाजारात ती कुंभाराच्या मांडणीपाशी उभी असताना समोरून हौसा आली. बरोबर सासू होती, आणि बोट धरून चालणारा मुलगा. हौसा अंगानं भरली होती. तिची नजर उचलली गेली आणि शालूबाईवर अडकली. क्षणभरच. आता हौसाला बोलावं लागेल किंवा न बोलता जावं लागेल, हे शालूबाईच्या ध्यानात आलं. तिनं झटकन पाठ फिरवली, एक मडकं उचललं आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघू लागली. पावलं मागून गेली. मुलाच्या पायातले वाळे तिनं ऐकले.

"आवं, त्या येड्यांच्या शालूबाई!"

कचेरीचा पट्टेवाला भर गर्दीतून हाक मारत येत होता. माणसं वळून बघू लागली. पुढं गेलेले वाळे थांबले, आणि मग भराभरा वाजत लांब गेले.

"तुमचं नशीब, बाजारातच घावलासा. सायेबांनी बलावलंया. वाळव्याकडची मानसं आल्याती, त्येंच्या भावाला धाडायचं म्हनत्यात."

शालूबाईनं मडकं जागेवर ठेवलं, पदर सारखा केला आणि ती त्याच्या मागून चालू लागली.

व्हरांड्यात एक तिशीचा माणूस बसला होता. हात पाठीमागं बांधलेले, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं तुटलेली. शेजारी त्याचा थोरला भाऊ दाखल्यांची गुंडाळी घेऊन उभा होता. शालूबाई त्या बांधलेल्या माणसासमोर जमिनीवर बसली.

"नाव काय तुजं?"

"ज्योतिबा," थोरला भाऊ म्हणाला.

तिनं वर पाहिलं नाही. ती त्या माणसाकडंच बघत राहिली.