विलायतेतल्या झऱ्यावरचा महाराज

सांगतो ते कुणाला पटणार नाही, पैज लावा. विलायतेतल्या एका जुन्यापुराण्या खेड्यात मी गोरा महाराज पाहिला, आणि त्याच्यापुढं आपल्या पिशोरच्या बाजाराला लाजवील अशी गर्दी.

हे मी सांगत होतो पिशोरच्या स्टँडवर. घाटातल्या झऱ्यावर एक महाराज बसतो, त्याच्याकडं निघालेली शौकतची जीप भरत होती. "सुई नाय, नख नाय, तळहातातून रगत काढतो माय," बाया एकमेकींना सांगत होत्या. त्यांच्यात माझ्या पुतण्याची बायको सत्यभामा, पोरीला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलेली. पोरगी राजनंदिनी. तिला फिट येते. महाराजानं डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला लावल्या, तेव्हापासून पोर रोज पडत होती. सकाळीच जीभ चावली होती. डॉक्टर, नवरा, मी, सगळे सांगून थकलो. सत्यभामा ऐकायच्या पलीकडं गेली होती. जीप सुटायला आलेली, आणि माझ्याजवळ थापांशिवाय काही उरलं नव्हतं.

"विलायतेला आमच्या पोराकडं, इंद्रजीतकडं गेलतो ना, तवा त्यानं नेलतं गाव दाखवायला," मी म्हणालो. "दगडाची घरं, वर गवताचं छप्पर. आपण छपरं उतरवून पत्रे टाकले; ते लोक लांबून गाड्या करून छपरं बघायला येतात. मधी चर्च, भवती कबरी, तिथंच मेंढरं चरतात. मागं झरा, अन् झऱ्यावर महाराज. टाय घातलेला."

"टाय?" राजनंदिनी हसली. दुखऱ्या जिभेनं, पण हसली.

"टायच. एक बाई लेकरू घेऊन आली. महाराज म्हणाला, 'बाधा रगतात भिनली. गोळ्यांनी ती आतच कोंडती. फेक गोळ्या.'"

"मराठीत म्हणाला का, चाचा?" शौकतनं स्टिअरिंगवरून विचारलं.

"महाराजांना समद्या भाषा येतात. तू तुझ्या सीटा भर."

सत्यभामा हसली नाही. "मग?"

"मग लेकराच्या हाताला पिवळा लेप लावला. वरून झऱ्याचं पाणी शिंपडलं. तळहात लालभडक! गोऱ्यांनी टोप्या काढल्या."

"लेप कशाचा होता?"

"हळदीचा."

"अन् पाणी?"

"निवळ. तांब्याच्या तळाला जरा पांढरं होतं."

"चुन्याची निवळी," ती पटकन म्हणाली. "हळदीला चुना लागला की लालच होती. हळदीच्या कार्यातल्या पातळाला साबण लावला तरी होती. त्यात रगत कुठलं आलं?"

बोलता बोलताच ती राजनंदिनीचा हात उलटा करून बघत राहिली. घाटातल्या महाराजानं मागच्या खेपेला लावलेल्या लेपानं नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

"चला ताई, एकच सीट राहिली," शौकत म्हणाला.

"जा की," मी म्हणालो. "फक्त एवढं इचार कर. ज्याला लेकरू बरं करायचंय, तो औषध कशाला बंद करतो?"

जीप तिला न घेताच गेली. तिनं पोरीला कडेवर घेतलं, कन्नडची एसटी लागली होती तिकडं दवाखान्यासाठी चालू लागली, आणि मध्येच वळली.

"गोऱ्यांच्या गावात हळद लावणारा महाराज नव्हताच. तुम्ही खोटं बोललात, तात्या. अन् त्यो बी."