उणे ऐंशी अंशांतली ठेव

माझ्या पोटात काय आहे हे कळलं, तर मित्रांनो, तुम्ही नाक मुरडाल. मी प्रयोगशाळेतला एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीमवाला नव्हे! उणे ऐंशी अंशांच्या थंडीत मी माणसांच्या शौचाचे नमुने सांभाळतो.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आपल्यात लशी ठेवतील. पहिली नळी आत आली आणि मी शरमेने गोठलोच. पण प्रयोगशाळेतल्या ताई ती नळी इतक्या जपून ठेवत होत्या, की माझी शरम गेली.

एके दिवशी बसचे निवृत्त ड्रायव्हरकाका आले. त्यांची बायको शिवणकाम करायची. अल्झायमरमुळे आता तिला सुईत दोरा ओवणंही आठवत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "काका, आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. आपण खातो त्यावर ते जगतात. भाज्या, डाळी खाल्ल्या की काही वाढतात, नुसतं गोड-तळकट खाल्लं की दुसरेच. त्यांचा या आजाराशी संबंध असावा. नेमका कसा, ते शोधतोय."

"म्हणजे हिला आठवायला लागेल?"

ताईंनी खोटा दिलासा दिला नाही. "नाही काका. झालाच तर पुढच्या कुणाला उपयोग होईल."

काका म्हणाले, "बरं. नमुन्याचा डबा कधी आणू?"

तेव्हापासून दर महिन्याला ते काकूंचा नमुना आणि जेवणाची वही आणू लागले. जन्मात गॅस न पेटवलेला हा माणूस स्वयंपाक शिकला. एकदा ताई वहीतलं वाचता वाचता थांबल्या. 'आज भाजी करपली. हिने मला विचारलं, तुम्ही कोण? पण भाजी दोनदा मागून घेतली.'

सहाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी माझा कॉम्प्रेसर बंद पडला. आकडा चढू लागला. उणे सत्तर, उणे पासष्ट... इतक्या घरांची ठेव माझ्या पोटात वितळणार, या विचाराने मी हबकलो. भोंगा ऐकून ताई हातातला घास टाकून धावल्या. दुसरा फ्रीझर वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद. तेवढ्यात काका डबा घेऊन आले.

"मी जिन्याने वर नेतो, तुम्ही खोकी हातात द्या," ते म्हणाले आणि हातमोजे चढवले.

सत्तरीचा माणूस, पण एकही खोकं खाली टेकवलं नाही. सगळे नमुने वाचले. मी दुरुस्त झालो. पुढे माझ्या शेजारी नवा फ्रीझर आला; प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसोबतचे फोटो मात्र त्याच्यापुढे निघाले. माझ्या दारावर ताईंनी पुसण्याचं फडकं वाळत घातलं होतं!

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. काका आता येणार नाहीत असं मला वाटलं. महिन्याभराने ते आले, हातात डबा.

"हा माझा," ते संकोचून म्हणाले. "सहा वर्षं दोघांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. तिचं डोकं गेलं, माझं शाबूत आहे. ताडून बघायला लागेल ना?"

ताईंनी मान हलवली. त्यांनी नव्या नळीवर आकडा लिहिला आणि ती काकूंच्या नळ्यांशेजारी ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र कुठे दिसलं तर त्याचं दार उगाच उघडं ठेवू नका. माझ्या आत एका घरातलं सहा वर्षांचं जेवण आहे.