गोठ्याचं छप्पर केळीला

मी एक जुना विळा आहे, मित्रांनो. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर एक पहार मोडली, तिच्या तुकड्यातून नळदुर्गच्या लोहाराने मला घडवले. तेव्हापासून मी केशरबाईचा.

पुढे गावच्या शेतकी सोसायटीने केळीचे कंद आणून दिले. केशरबाई आणि तिचा नवरा बलभीम यांनी विहिरीजवळ बाग लावली. वाळकी पाने मी कापायची, तिने ती बुंध्याशी अंथरायची. त्याने ओल टिकायची. येणारेजाणारे कौतुक करत आणि मी उगाच फुगत असे.

एका वर्षी श्रावणात थोडी झिमझिम झाली आणि पावसाने पाठच फिरवली. विहीर तळाला गेली. तशात पाने पिवळी पडू लागली.

"तहानली गं बाग," बलभीम म्हणाला. "हाय तेवढं पाणी सोडून देऊ."

"थांबा की जरा. साहेबांना दावू."

सोसायटीत शेतीचे काम पाहणारे वीरभद्र साहेब आले. त्यांनी पान उन्हाकडे धरले.

"तहानेनं पान कडंनं वाळतं. इथं शिरांच्या बाजूनं पिवळ्या रेघा हायेत, त्यांचे तपकिरी ठिपके झालेत, मधी राखाडी. ही बुरशी. करपा म्हणतात. डागी पानं काढा, अन् खाली अंथरलेली समदी जाळा. रोग तिथंच दडलाय."

केशरबाईचा चेहरा उतरला. "ती जाळली तर ओल कशानं राहील? उभी बाग वाळंल, साहेब."

"न्हाय जाळली तर रोगानं जाईल."

माझी मूठ तिच्या घामाने भिजली. मला फार भीती वाटली. ती पाने मीच तर कापली होती. मग ती उठली आणि तडक गोठ्यावर चढली.

"अगं, छपराचं उसाचं पाचट काढतीस? बैलं उन्हात मरतील!" बलभीम खालून ओरडला.

"कडूलिंबाखाली बांधा त्यांना. लई झालं बोलणं!"

मी सुतळीची एकेक गाठ कापत गेलो. बांधाबाहेर डागी आणि अंथरलेली पाने पेटली, ओल धरायला बुंध्याशी पाचट आले. बुरशीवर मोरचूद-चुन्याची फवारणी झाली. आता नव्या पानावरच सारे होते. त्याचा गुंडाळलेला पोंगा उलगडेपर्यंत कुणाला घास गोड लागला नाही.

तो उलगडला. केशरबाईने पान उन्हाकडे धरले, उलटेपालटे पाहिले. एकही रेघ नव्हती. ती रडू लागली.

"अवं," तिने बलभीमला हाक मारली, "बैलांना सांगा."

आता मी गोठ्याच्या नव्या पत्र्याखाली गंजत टांगलेला आहे. मित्रांनो, पान पिवळे दिसले तर घाईने पाणी ओतू नका, आधी उन्हाकडे धरून बघा. आणि आठवण झाली तर मलाही तेलाचे बोट लावा. मी अजून पाने कापू शकतो.