चप्पल चावते म्हणून

"पुन्हा चावतेय," असं म्हणत तिने उजवा पाय पुढे केला. "इथे, घोट्याच्या खाली."

मापकाकांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि बायकोचा पाय मांडीवर घेतला. पट्ट्याचा वळ कातडीवर चांगलाच उमटला होता.

"परवाच तर सैल केली."

"मग परवापुरतीच झाली असेल."

ती बाकावर बसून राहिली. वरच्या खोलीतून दुकानात यायचं म्हणजे एक जिना उतरायचा, पण ती आल्यावर बराच वेळ काही बोलली नव्हती. मापकाकांना वाटलं, रागावली आहे.

त्यांचं खरं नाव रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पायाचं माप घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून मापकाका. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे दुकानाच्या फळीवर ओळीने उभे असत. त्यात सगळ्यात जुनी जोडी बायकोची. लग्न ठरल्यावर हे गृहस्थ तिला भेटायला म्हणून गेले आणि गप्पा मारायच्या सोडून पायाचं माप घेऊन परतले, यावरून सासुरवाडीला पुढे कैक वर्षं थट्टा चालली. आणि आता त्याच बायकोला त्यांच्या हातची चप्पल चावत होती! ही गोष्ट त्यांच्या भलतीच जिव्हारी लागली होती.

वयाने पाय पसरतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग लाकडी साच्यावर चामड्याचा एक पातळ तुकडा चिकटवून नवी जोडी केली. ती चावली तेव्हा आणखी एक तुकडा चिकटवला. पाय वाढला की साचा वाढवायचा, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. पाय का वाढला, हे विचारायची रीत त्या धंद्यात नव्हती.

चप्पल हे निमित्त होतं. त्यांना हवी होती ती संध्याकाळ. दुकानाचं शटर ओढलं की दोघं, ती नेहमी त्यांच्या डावीकडे, नदीवरच्या पुलापर्यंत चालत जात आणि पूल ओलांडून पलीकडच्या कठड्यावर टेकत. दिवसभर खिळे तोंडात धरून बसणाऱ्या माणसाला बोलायला तेवढाच वेळ मिळे. सकाळपासून साठलेलं सगळं ते पुलावर रितं करत. गिऱ्हाइकांच्या नकला ते फक्त तिच्यासाठी करत, आणि ती हसता हसता दंडाला धरून थांबे. थंडी सुरू झाल्यापासून मात्र ती रोज म्हणायची, "आज नको. चप्पल चावते." मग तेही वर जाऊन मुकाट्याने जेवत. पुलावरच्या गोष्टी खोलीत सांगता येत नसत. प्रयत्न केला होता त्यांनी, पण रंगल्या नाहीत.

म्हणून ते नव्या जोडीच्या मागे हात धुऊन लागले होते. ही जोडी जमली की ती येणार होती.

त्या दिवशी ते पट्टा कापत असतानाच समोरच्या इमारतीत राहणारी नर्स शिवायला टाकलेले बूट न्यायला आली. पैसे काढता काढता तिची नजर बाकावर बसलेल्या काकूंच्या पायांवर गेली.

"काकू, पाय बघू जरा."

तिने वाकून नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

मापकाका बघत राहिले. ओलं चामडं दाबलं की असंच दिसतं, हे त्यांच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्यांनी हातातला पट्टा खाली ठेवला.

"कधीपासून आहे ही सूज?"

"संध्याकाळी येते. सकाळी उतरते थोडी."

"जिना चढताना दम लागतो?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "वय झालं की लागतोच की."

"रात्री आडवं झाल्यावर?"

काकूंनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग मापकाकाच म्हणाले, "हल्ली ती उशा लावून बसल्या बसल्याच झोपते. मला वाटलं, मी घोरतो म्हणून वैतागली असेल."

नर्स हसली नाही. "हे हृदयाचं असू शकतं, काका. दुसरंही काही असेल, ते तपासल्यावरच कळेल. पण आज दाखवा. उद्यावर टाकू नका. आणि बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दाटलं, तर कुणाचीही वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा."

ती गेली. मापकाका उठले आणि भर दुपारी त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"दम लागत होता, तर चप्पल का म्हणालीस?"

तिने पदराने कपाळ पुसलं. "चप्पल म्हटलं की तुम्हाला काहीतरी करता येतं. दम लागतो म्हटलं असतं, तर काय केलं असतंत? नुसते घाबरला असतात."

मापकाकांनी तिच्या पायात तीच चप्पल सरकवली, पट्टा न लावताच, आणि रिक्षा बोलावायला बाहेर गेले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय थकलं होतं. रक्त पुढे ढकलायला त्याची ताकद पुरत नव्हती, म्हणून पाणी पायांत साठत होतं. थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. आयुष्यभर तिच्या पायाशी बसलो आणि पाय सोडून चप्पल बघितली, हे मापकाकांच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, जेवणातलं मीठ कमी झालं. हळूहळू सूज उतरली. ती जिना सावकाश चढू लागली, एका उशीवर झोपू लागली. फिरायला परवानगी मिळाली, पण झेपेल तेवढंच. ते कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत झेपे.

एका संध्याकाळी तीच म्हणाली, "तुम्ही जाऊन या पुलावर. मला आल्यावर सांगा."

"एकटा काय करू?"

"जा म्हणतेय ना. माझ्यापायी तुमचे पाय कशाला अडवता?"

ते गेले. आले तेव्हा पुरता अंधारही पडला नव्हता. ती खिडकीशी बसली होती.

"काय होतं?"

"पाणी उतरलंय. कठड्याला नवा रंग दिलाय. हिरवा."

"पलीकडे कोण होतं?"

मापकाका चप्पल काढण्यात उगाच वेळ घालवत राहिले.

"गेला नाहीत ना पलीकडे?"

"मधोमध गेलो. एक गोष्ट आठवली आणि सांगायला वळलो, तर शेजारी कुणी नाही. मग पुढे नाही जाववलं."

दोघांनाही माहीत होतं, तिच्याने आता पूल होणार नाही.

"कोणती गोष्ट?" तिने विचारलं.

"इथे रंगत नाही ती."

"सांगा हो. मी हसेन."

ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, तिला डावीकडे ठेवून, आणि सांगू लागले.