एकवीसपैकी सात सेकंद

मित्रांनो, मी एक जुने पितळी नोझल आहे. अंगठ्याएवढे अंग आणि त्यात सुईच्या जाडीचे भोक, एवढाच माझा संसार. फिटरमामांनी मला लेथवर घडवले आणि काम झकास झाले म्हणून माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मी जरा भाव खाऊ लागले.

माझी नेमणूक एका प्रयोगशाळेत झाली. तिथे एक ताई संशोधन करायची. भट्टीत लाल झालेली पोलादाची जाड प्लेट ती माझ्याखाली ठेवी आणि मी वरून पाणी फवारी. पोलाद झटपट आणि सगळीकडून सारखे निवले तर मजबूत होते, म्हणून ही धडपड. पण साधे पाणी मोठे चुकार! तापल्या तव्यावर थेंब नाचतो ना, तसे ते वाफेच्या गादीवर नाचत बसे आणि पोलादाला शिवतच नसे. असे का होत असेल, याचे मलाही भारी कुतूहल. मी टक लावून पाहत राही. पहिल्या आठवड्यात प्लेट निवायला बावन्न सेकंद लागले.

मग ताईने पाण्यात एक पांढरी पूड मिसळली. तिचे हजारभर कण ओळीने ठेवले, तरी केसाच्या रुंदीत मावतील इतके बारीक. हे कण उष्णता भराभर उचलतात, पण एकमेकांना चिकटून तळाशी जातात. म्हणून तिने साबणाच्या जातीचे एक द्रव्य थेंब थेंब घातले. आणि काय गंमत! कण सुटे राहिले, थेंब नाच सोडून प्लेटवर पसरू लागले. बावन्नचे एकतीस सेकंद झाले. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. सोमवारी कारखान्यांच्या इंजिनिअरांपुढे ताईचे भाषण ठरले. पुडीने कमाल केली आणि नोझलनेही छान साथ दिली, असे ती सगळ्यांना सांगत सुटली.

मला मात्र ते कौतुक पचेना. चोराच्या मनात चांदणे! ती पूड दिसायला पिठासारखी, पण फार कठीण. साठ फवाऱ्यांत तिने माझे मऊ पितळ आतून घासून काढले होते. भोक मोठे झाले होते, त्यामुळे पाणीच जास्त पडत होते. ताई पूड रोज काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत तोलायची. मला मात्र तिने पहिल्या दिवसानंतर कधी मोजलेच नव्हते. सोमवार जवळ येत होता आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

शुक्रवारी मामा पंपाचा वायसर बदलायला आले. फवारा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, साधं पाणी शेवटचं कधी सोडलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. का हो मामा?"

"आज परत सोडून बघा."

ताईने सोडले. प्लेट पंचेचाळीस सेकंदांत निवली. पाण्यात काहीही न घालता सात सेकंद वाचले होते. मामांनी माझ्या भोकात मापाची तार घातली. पूर्वी जेमतेम शिरणारी ती तार आता आत खुळखुळली. ताईने वहीतल्या एकवीस सेकंदांच्या बचतीतून सात वजा केले.

तिने सरांना फोन लावला. ते म्हणाले, निष्कर्ष तर बरोबरच आहे, भाषण होऊन जाऊ दे, आकडे नंतर सुधारू. माझा जीव टांगणीला लागला.

"त्या एकवीसमधले सात सेकंद नोझलचे आहेत, सर," ताई म्हणाली. "ते मी माझे म्हणून कसे सांगू?"

शनिवार-रविवार मामांनी कडक पोलादाची नवी नोझले दिली आणि ताईने प्रत्येक फवाऱ्याआधी भोक मोजले. बचत भरली चौदा सेकंदांची. सोमवारी तिने चौदाच सांगितले आणि उरलेल्या सातांची हकीकतही सांगितली. मला तळहातावर घेऊन ती बोलत होती. कान धरून उभे केल्यासारखे वाटले मला, पण हलकेही वाटले.

भाषण संपल्यावर एक वयस्कर इंजिनिअर पुढे आले. मला हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे अशी चारशे आहेत. मोजत कोणीच नाही."

मित्रांनो, आमची काळजी घ्या म्हणजे नुसते झाडूनपुसून ठेवा, असे नाही. अधूनमधून आम्हाला मोजूनही पाहा. आम्हाला खोटे बोलता येत नाही, पण विचारल्याशिवाय खरेही सांगता येत नाही.