म्हातारबाच्या चाकांच्या टोप्या

सूर्य लोखंडाच्या कारखान्यांच्या धुराआड असतो, तेव्हाच कडूबा आमच्या शेडचे पत्र्याचे दार ढकलतो. दार मध्ये अडकते. मग तो खांदा लावतो. आधी धावपट्टीवर बसलेल्या शेळ्या हाकलून येतो. नंतर पारदर्शक बाटली पंखाखाली धरून टाकीतले थोडे पेट्रोल तीत घेतो आणि बाटली उजेडाकडे उचलतो. पेट्रोलमध्ये पाणी शिरले असेल तर ते तळाशी थेंबासारखे बसते. ते नसले की तो स्वतःशीच मान हलवतो. मग टायर, मग इंजिनाचे तेल, मग पुढच्या पात्याच्या कडेवरून हळूच फिरवलेले बोट. हे सगळे तो रोज करतो, आणि रोज तिच्यासाठी करतो. माझ्याकडे तो येतो सर्वांत शेवटी, हात पुसायला. त्याचे फडके माझ्या पंखाच्या दांडीला टांगलेले असते.

मित्रांनो, मी एक जुने, दोन आसनांचे विमान आहे. या छोट्या वैमानिक शाळेत सगळे मला 'म्हातारबा' म्हणतात, म्हणून मीही स्वतःला पुरुषच समजतो. जिच्याविषयी मी बोलतो आहे ती 'पांढरी'. तिला चार आसने आहेत. तिच्या पुढ्यात गोल घड्याळांऐवजी दोन उजळ पडदे आहेत. तिच्या चाकांवर पाण्याच्या थेंबासारख्या निमुळत्या टोप्या आहेत. त्या टोप्या मी पहिल्या दिवशी पाहिल्या आणि माझे सुख संपले.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. हलक्या पत्र्याला पत्रा रिपिटांनी जोडत कारागिरांनी मला घडवले. तिथून मी पेटीत बसून आलो आणि अनेक वर्षे अनेक मुलामुलींना उडायला शिकवले. एकट्याने पहिली भरारी घेऊन कोणी खाली उतरले की त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची इथली पद्धत आहे. त्या पाण्याचे शिंतोडे माझ्या अंगावरही उडत. तोच माझा सन्मान होता. या शाळेचे मालक दीपचंद शेठ यांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांच्या मातोश्री इचरजबाई यांनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवले होते. त्या वेळी शेडमध्ये मी एकटाच होतो.

विमानाचे आयुष्य नियमांनी बांधलेले असते. ठरावीक तास उडालो की तेल बदलायचे. आणखी काही तास झाले की झाकणे उघडून आतली प्रत्येक तार, प्रत्येक बिजागरी तपासायची. तपासणाऱ्याजवळ परवाना हवा आणि तपासल्यावर त्याची सही हवी. माझ्या अंगावर साधा खिळासुद्धा कोणी आपल्या मनाने ठोकू शकत नाही. काही नवे बसवायचे असेल तर ते माझ्या जातीच्या विमानाला चालते, हे आधी सिद्ध व्हावे लागते आणि त्याला मंजुरी असावी लागते. तरुणपणी मला या बंधनांचा अभिमान होता. पांढरी आल्यावर मला त्यांचा राग येऊ लागला. कारण तिच्या टोप्या कारखान्यातूनच मंजूर होऊन आल्या होत्या, आणि मी उघड्या चाकांनी तिच्या शेजारी उभा होतो.

माझ्या मनातले शेठांना कसे कळले कोण जाणे. उन्हाळ्यात ते म्हणाले, "कडूबा, म्हातारबा हिच्यापुढे अगदी भिकाऱ्यासारखा दिसतो. यालाही टोप्या करू."

त्यांच्या मेहुण्याचा पेरणीची तिफण बनवण्याचा कारखाना होता. तिथे लोखंडी पत्रा वाकवून, झाळून, वर पांढरा रंग मारून टोप्या तयार झाल्या. त्या बसवल्या त्या दिवशी मी शेडच्या काचेत स्वतःला पाहिले आणि पांढरीकडे पाहिलेसुद्धा नाही.

पण उडायच्या आधी प्रियदर्शनी आली. ती आमची अभियंता, वाटूरच्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्या तपासणीवर तिची सही लागते. तिने टोपीवर बोटाने टिचकी मारली.

"काका, हे काय?"

"टोप्या, बेटी. मेहुण्याने बनवल्या. त्याची तिफण साऱ्या मराठवाड्यात चालते."

"तिफण जमिनीवर चालते, काका. हा पत्रा किती जड आहे! आत चिखल अडकला तर? ब्रेकला घासला तर? या जातीच्या विमानावर कोणी उडवून पाहिल्यात का?"

"अगं, टोपीच आहे. पंख थोडेच बदलले?"

"टोप्या काढा, मी तपासते आणि सही करते. टोप्यांसकट सही होणार नाही."

शेठांचा चेहरा उतरला. मेहुण्याला काय सांगणार? त्यांनी टोप्या काढल्या नाहीत आणि तिने सही केली नाही. मंजुरी मिळवू, असे म्हणत शेठांनी पावसाळा काढला. मी नटूनथटून शेडमध्ये उभा राहिलो, आणि उघड्या आभाळात पांढरी एकटीच जात राहिली. मित्रांनो, ज्या टोप्यांसाठी मी जळत होतो त्याच टोप्यांनी मला जमिनीला खिळवले होते. तरीही माझा राग प्रियदर्शनीवर होता.

मग दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते, तशी आमचीही झाली. कडूबाची पत्नी गिरिजाबाई हिने ताट सजवून आणले. कडूबा पूर्वी अंकुशनगरला साखर कारखान्यात होता. तिथल्या यंत्रांची पूजाही तीच करायची. तिने पांढरीला झेंडूचा भलामोठा हार घातला. पात्याला, दाराला, पंखांच्या टोकांना तुपात कालवलेले कुंकू लावले. पांढरीच्या कुशीवर चकचकीत कड्याच्या मधोमध एक बारीक छिद्र आहे. तिथेही तिने बोट दाबून ठसठशीत टिळा लावला. माझ्यापर्यंत येईतो कुंकू संपले होते. उरलेले बोटाला पुसून तिने माझ्या नाकावर एक फिकट ठिपका ठेवला.

"याला एवढंच का गं?" कडूबाने विचारले.

"मंग? तो कुठं जाऊन राह्यला? बसून तर हाये."

ते वाक्य मला लागले. त्या छिद्रातला टिळा मी पाहिला होता. मला बोलता येत नाही. आणि येत असते तरी त्या दिवशी मी बोललो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पिता नावाच्या विद्यार्थिनीची एकटीची पहिली भरारी होती. तिचे पहिले धडे माझ्यावर झाले होते, पण आता ती पांढरीवर शिकत होती. तिचे वडील रामराव शहागडला महामार्गावर टायरचे दुकान चालवतात. ते गाडीभर पाहुणे घेऊन आले होते. कडूबाने पहाटेच ओल्या फडक्याने कुंकू पुसून पांढरीला लख्ख केले होते.

प्रियदर्शनी तपासणी करत त्या छिद्रापाशी आली आणि थांबली. कड्याच्या आत किंचित लालसर झाक होती.

"गिरिजाबाई, काल इथं गंध लावलं होतं का?"

"लावलं की, ताई. डोळाच वाटला मला त्यो. एवढा चकचकीत!"

"आणि कडूबा, तुम्ही ते पुसलं?"

"बराबर पुसलं. ओल्या फडक्यानं, जोर लावून."

प्रियदर्शनीने डोळे मिटून घेतले. त्या छिद्रातून बाहेरच्या हवेचा दाब नळीने आत जातो आणि विमान किती उंचावर आहे ते त्यावरूनच कळते. तिथे तूप-कुंकू अडकले तर विमान आभाळात असले तरी आकडा जमिनीचाच दिसेल.

"पांढरी आज उडणार नाही," ती म्हणाली.

"पिनेनं टोचून काढा ना," शेठ हळूच म्हणाले. "पाहुणे आलेत, बेटी."

"पिनेनं ते आणखी आत जाईल. नळी उघडून साफ करावी लागेल आणि दाब देऊन तपासावी लागेल. ते यंत्र मागवावं लागतं."

रामराव हसले. "आमच्याकडं ट्रकवाले नुसती फुंकर मारून निघून जातेत, म्याडम."

"ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर खाली उतरतो, रामराव. तुमची पोरगी कुठं उतरणार?"

रामरावांचे हसू थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिले आणि पाहुण्यांना म्हणाले, "चला, चहा घेऊ. काही जल्दी न्हाई."

गिरिजाबाई एका बाजूला पदर तोंडाला लावून उभी होती. प्रियदर्शनी तिच्याजवळ गेली. "तुमची चूक नाही, बाई. डोळ्यासारखंच दिसतं ते. मीच आधी सांगायला हवं होतं."

तेव्हा सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांनी! अर्पिता माझ्या पंखाला हात लावून म्हणाली, "म्हातारबा नाही का चालणार? मी शिकले याच्यावरच." तिला शिकवणारी शिखा म्हणजे शेठांची पुतणी. ती म्हणाली, "आधी मी सोबत बसून दोन फेऱ्या मारेन. मग एकटी जाऊ दे."

 प्रियदर्शनीने माझ्या चाकांकडे पाहिले. शेठांनीही पाहिले. पाहुणे चहाला गेले होते. शेठांनी बाह्या दुमडल्या, धोतर सावरले आणि कडूबाचा पाना घेऊन स्वतः जमिनीवर बसले.

"शेठ, मी काढतो की."

"मी बसवायला लावल्या. तू फक्त बॅटरी धर."

टोप्या निघाल्या, तेव्हा उजव्या टोपीच्या आतल्या बाजूला ब्रेकने घासल्याचा चकचकीत चरा दिसला. मला शेडमध्ये नुसते मागेपुढे ढकलले होते, तेवढ्यात तो पडला होता. शेठांनी त्यावरून बोट फिरवले आणि टोपी कोपऱ्यात उपडी ठेवली.

तो दिवस आणि पुढचा दिवस प्रियदर्शनीने मला पूर्ण उघडले. झाकणे, तारा, बिजागऱ्या, ब्रेक. जिथे माझी दुखरी जागा होती तिथे तिचा हात आपोआप थांबे. तिसऱ्या सकाळी तिने सही केली. कडूबाने बाटली उजेडाकडे धरली, तेव्हा तिच्यात माझ्या टाकीतले पेट्रोल होते.

शिखा फेऱ्या मारून उतरली आणि अर्पिता एकटी माझ्यात बसली. उघडी, काळी, कुरूप चाके धावपट्टीवर धावली आणि सुटली. खाली मोसंबीचे मळे होते, वेचणीला आलेला पांढराफेक कापूस होता. रामराव टोपी हातात घेऊन वर पाहत होते. मी खूप आनंदात होतो. आणि तेवढ्यात मला शेडच्या दारात पांढरी दिसली. तिचे पोट उघडे होते, कडूबा आत हात घालून बसला होता आणि प्रियदर्शनी त्याच्या खांद्यावरून वाकली होती. खरे सांगू? इतक्या उंचावरूनही मला तिचा हेवा वाटला.

मित्रांनो, तुमच्याकडेही यंत्रे आहेत. त्यांना सजवा, पण आधी त्यांना विचारा की त्यांना श्वास कुठून लागतो. आणि दुसऱ्याच्या अंगावर शोभते ते आपल्या अंगावर ओढू नका. माझ्यासारख्याने हे सांगावे याचे तुम्हाला हसू येईल, येऊ द्या.

मी उतरलो. अर्पिताच्या डोक्यावर बादली रिकामी झाली आणि शिंतोडे माझ्या अंगावर आले. सगळे पेढ्यांभोवती जमले, तेव्हा दीपचंद शेठ एकटेच शेडमध्ये आले. मंजुरी येईल म्हणून जपलेल्या त्या दोन टोप्या त्यांनी काखेत घेतल्या. बाहेर लोखंड वितळवायच्या भट्टीकडे निघालेला भंगाराचा टेम्पो उभा होता. त्यांनी त्या टोप्या मागच्या भंगारात ठेवल्या, चालकाला हाताने निघायची खूण केली आणि हात झटकत पेढा घ्यायला गेले.