वहीत नसलेली मागणी

"लोकांना काय हवंय ते लोकांनीच लिहून दिलंय, बाई. तुम्ही कशाला मधे मधे करता?" अध्यक्षांनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

ग्रंथपालबाईंनी विसकटलेला गठ्ठा सरळ केला. ते फॉर्म कसे भरले गेले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वाचकांची आवड जाणून घ्यायची म्हणून अध्यक्ष आठवडाभर काउंटरशी खुर्ची टाकून बसले होते. येईल त्याच्या हातात फॉर्म द्यायचे आणि भरून होईपर्यंत मानेवर वाकून बघायचे. मग काय, दिवसाला एक खुनाची कादंबरी फस्त करणारे पेन्शनर, मासिकातली चित्रं चाळून जाणारा शिंपी, सगळ्यांनी निमूटपणे 'वैचारिक'पुढे खूण केली. एवढे विचारवंत एका वस्तीत राहतात आणि तरी गटारं तुंबतात, याचं समितीला काही नवल वाटलं नाही.

"एकच पुस्तक मागतेय," बाई म्हणाल्या. "उशिरा बोलणाऱ्या मुलांवरचं. एक आई तीन महिने दर मंगळवारी विचारायला येतेय. मूल साडेतीन वर्षांचं झालं, तोंडातून शब्द नाही."

अध्यक्षांनी देवघेवीची वही उघडली. "या विषयाचं एक तरी पुस्तक वर्षभरात कुणी नेलंय?"

"आपल्याकडे नाहीच, तर नेणार कुठून?"

"म्हणजे मागणी नाही."

चिटणीस खुसखुसले. या गृहस्थांनी पुस्तक उघडलं असेल तर चष्म्याचा नंबर तपासण्यापुरतं. "मुलांना गप्प बसवायचं पुस्तक असेल तर मागवा, बाई. आमच्या नातवाला उपयोगी पडेल."

समिती हसली. खरेदीच्या यादीत एकच जागा उरली होती, तिथे अध्यक्षांच्या साडूंच्या चिंतनाचा तिसरा खंड जाऊन बसला. पहिल्या दोन खंडांची पानंसुद्धा अजून एकमेकांना चिकटलेली होती. बाईंनी खाली सही केली. एकवीस वर्षं त्या अशाच सह्या करत आल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी घरी जाऊन स्वतःवर चरफडत होत्या.

त्याच संध्याकाळी ती आई आली, मूल कडेवर.

"आलं का हो?"

"नाही. या वर्षी नाही येणार."

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "दुसरं काहीही द्या. रिकाम्या हातानं गेले तर सासूबाई म्हणतील, नुसती हिंडायला जाते. पुढच्या वेळी सोडायच्या नाहीत."

बाईंनी हाताला लागला तो जाडजूड ग्रंथ काढला आणि वहीत नोंद केली. वैचारिक, एक. वर्षअखेरीला अध्यक्षांना मिरवायला तेवढंच.

मुलानं तारखेच्या शिक्क्याकडे बोट केलं. एरवी कुठल्याही पोराला बाई म्हणायच्या, "काय हवंय? बोल की." आज त्यांनी काही विचारलं नाही. शिक्का त्याच्या मुठीत दिला, पान पुढे सरकवलं, आणि तो नीट उमटेपर्यंत मागची रांग उभी ठेवली.